बेंबळीचे घड्याळ, सोनारीचा टाक

"बेंबळी येथील सोनेरी फ्रेंच भिंतघड्याळ हे फ्रान्सच्या राजाचा खास घड्याळजी व्हालक्रोआ याने स्वहस्ते घडविले असून निजामाच्या एका अधिकाऱ्याबरोबर ते नळदुर्गास आले. पुढे ते बेंबळीच्या कांबळे कुटुंबाकडे कोणत्या मार्गाने गेले, हे सांगता येत नाही. सोलापूरच्या नव्या पेठेतील एका घड्याळजीकडे ते दुरुस्तीस दिले असता त्याने मूळ यंत्र काढून घेतले व हलके यंत्र बसवून घड्याळ परत केले. आज उरला आहे तो केवळ सांगाडा."

नळदुर्गच्या एका वाचनालयाच्या स्मरणिकेत हा परिच्छेद छापला आहे. पहिल्या वाक्यात अज्ञान आहे, दुसऱ्यात कुचकेपणा आहे आणि तिसऱ्यात चोरीचा आरोप आहे. ज्या काळाविषयी हे लिहिले आहे, त्या काळी नव्या पेठेत मोठी घड्याळे उघडणारा एकच माणूस होता. मी त्याचा मुलगा. त्याच दुकानात मी पुढे बावन्न वर्षे बसलो.

एका जुन्या गिऱ्हाइकाने ती स्मरणिका मला आणून दिली, तेव्हा माझा मुलगा म्हणाला, "बाबा, असल्या स्मरणिका वाचतं कोण?"

"मी वाचली," असे मी म्हणालो आणि पिशवी भरली. तीत डोळ्याला लावायचे भिंग, तीन स्क्रूड्रायव्हर, एक जाड सुती फडके आणि फुटाणे होते. खिशात एक चिठ्ठी होती. तिच्यावर चार आकडे होते. त्या चिठ्ठीविषयी मी घरी कोणाला सांगितले नव्हते. येथे योग्य जागी सांगेन.

नळदुर्ग

नळदुर्गास जाणारे लोक किल्ला पाहतात. मी पाहिला नाही. वय एक्क्याऐंशी; पायऱ्या चढण्याची ताकद मला एका माणसाशी भांडण्यासाठी राखून ठेवायची होती.

तो माणूस महामार्गालगतच्या एका ढाब्यावर भेटला. ढाबा त्याच्या मुलाचा. लक्ष्मणसर निवृत्त शिक्षक. सत्तरीचे, गोल चेहऱ्याचे, आणि मला अपेक्षित होते त्यापेक्षा कितीतरी अधिक अगत्यशील. त्यामुळे माझा संशय वाढलाच. बाहेर मालट्रकांची रांग लागली होती आणि आत चुलीवर भाकऱ्या फुगत होत्या. सरांनी न विचारता माझ्यापुढे ज्वारीची भाकरी, काळ्या तिखटातली वांग्याची भाजी आणि शेंगाची चटणी ठेवली. चटणी आमच्या सोलापूरची म्हणून सांगितली. ती सोलापूरची नव्हती. आमच्याकडे शेंगा उखळात तेल सुटेपर्यंत कांडतात. ही मिक्सरमधून काढलेली भुकटी होती. जो माणूस चटणीविषयी इतक्या सहज काहीही सांगतो, त्याने घड्याळाविषयी काय लिहिले असेल, याचा अंदाज मला तेथेच आला.

"सर, हा मजकूर तुमचा?" मी स्मरणिका पुढे केली.

"व्हय, माझाच. कसा वाटला?"

"कागद चांगला वापरलाय."

ते हसले. वाईट वाटून न घेणारा माणूस भांडणाला फार गैरसोयीचा असतो.

"व्हालक्रोआ हा राजाचा घड्याळजी होता, हे कशावरून?"

"डायलवर नाव हाय की त्याचं."

"तुमच्या भिंतीवरच्या त्या कॅलेंडरवर सिमेंटवाल्याचं नाव आहे. कॅलेंडर त्यानं छापलं का?"

सरांनी कॅलेंडराकडे पाहिले. मग मी त्यांना जे सांगितले ते वाचकांसाठीही सांगतो. असले घड्याळ कोणी एक माणूस घडवीत नसे. ब्राँझचे कवच ओतणारा एक. त्यावर मुलामा चढविणारा दुसरा. तो सोने पाऱ्यात विरघळवून तो लगदा ब्राँझवर फासत असे आणि विस्तवावर पारा उडवून लावीत असे. सोने मागे राही आणि पाऱ्याची वाफ त्याच्या छातीत जाई. मिन्याची पांढरी तबकडी करणारा तिसरा. यंत्र येई एखाद्या कारखान्यातून. आणि तबकडीवर नाव पडे ते दुकानदाराचे. 'स्वहस्ते' हा शब्द लिहिणाऱ्याने त्या मुलामेवाल्याच्या छातीचा विचार केलेला नसतो.

"हे मला म्हाईत नव्हतं," सर म्हणाले. "दुरुस्ती छापू."

"आणि चोरीचं?"

"ते सगळं गाव म्हणतं."

"कोणतं गाव?"

"नळदुर्ग. बेंबळी पण."

"तुम्ही घड्याळ पाहिलंत?"

"पाह्यलं की. भिंतीवर व्हतं."

"उघडून?"

"उघडायचं असतं व्हय?" सरांनी प्रामाणिक आश्चर्याने विचारले. मग आवाज उतरवून म्हणाले, "हे बघा काका, तुमच्या वडलांनी मशीन काढलं न्हाय, ह्याचा पुरावा आणा. पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापतो. न्हाय मिळाला, तर मग मला सोडा."

मी होकार दिला. भाकरीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, याचाही मला राग आला.

बेंबळी

बेंबळीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आली होती. कांबळ्यांचे घर गावाच्या पूर्वेस, सिमेंटचे, स्वच्छ. घरात सुमनबाई एकट्या राहतात. सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, सहासष्ट वर्षांच्या. त्यांनी दारातच माझे आडनाव विचारले आणि ऐकून म्हणाल्या, "म्हंजे तुम्ही त्यांचे."

"मुलगा."

"या. चहा घ्या. घड्याळाला हात लावू नका."

पन्नास वर्षांत मला घड्याळाला हात लावू नका असे कोणी म्हटले नव्हते. मी चहा घेतला.

समोरच्या भिंतीवर तथागतांच्या तसबिरीशेजारी ते टांगलेले होते. उंची माझ्या हाताएवढी. दोन्ही कडांनी वर चढत गेलेली वळणदार पाने, माथ्यावर एक गुबगुबीत मूल, आणि तबकडीच्या खाली, घड्याळाच्या पोटाला, काचेची एक छोटी गोल खिडकी. फडके जेथे जेथे पोचले होते तेथे सोने विटले होते. पानांच्या खाचांत, जेथे ते पोचले नव्हते, तेथे ते काल चढवल्यासारखे पिवळे होते. घड्याळ सव्वाचारवर थांबलेले होते.

सुमनबाईंनी माझी उलटतपासणी घेतली. मीही त्यांची घेतली.

"हे तुमच्याकडे आलं कसं?"

"तुम्हालाही त्येच इचारायचंय?" त्या म्हणाल्या. "लिव्हलंय की त्यांनी, मार्ग सांगता येत न्हाय म्हणून. आमचे आजोबा नळदुर्गला साहेबाच्या बंगल्यावर व्हते. इस वर्सं. साहेब जाताना म्हणला, 'देवजी, ये तुम रख लो.' कागद न्हाय दिला. आमच्यासारख्याच्या घरात सोनेरी वस्तू असली की कागद मागत्यात, साहेबाच्या घरात असली की न्हाय मागत."

स्मरणिकेतील दुसऱ्या वाक्याला मी प्रवासाआधी 'कुचकेपणा' म्हटले होते, पण माझे सारे लक्ष तिसऱ्या वाक्यावर होते, हे मी कबूल केले पाहिजे.

जेवायला उडदाचे घुटे, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. घुटे आमच्याकडेही करतात, पण त्यात आम्ही लसणाची फोडणी वरून देतो. येथे ती आतच शिजवतात, आणि ते अधिक चांगले लागते. मी तसे म्हणालो. त्यानंतर त्यांचा आवाज किंचित बदलला.

"उघडा," त्या म्हणाल्या. "पण माझ्यासमोर. एक स्क्रू काढला की ह्या ताटात. सगळे मोजून परत बसवायचे."

त्यांनी स्टीलचे ताट आणून माझ्या गुडघ्याशी ठेवले आणि शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी उभ्या राहाव्यात तशा उभ्या राहिल्या.

यंत्र बाहेर आले. गोल, पितळी, चाके दोन जाड तकटांच्या, म्हणजे पितळी पाट्यांच्या, मध्ये बसवलेली. मागच्या तकटावर पदकाचा वाटोळा शिक्का. कारखानदार प्रदर्शनात मिळालेले पदक असे ठसवीत. राजाच्या घड्याळजीला पदकाची जाहिरात करण्याची गरज पडत नाही. व्हालक्रोआचा प्रश्न माझ्यापुरता तेथेच मिटला. हे यंत्र हलके आहे असे म्हणणाऱ्याने यंत्र हातात घेतलेले नाही, हेही सिद्ध झाले. मग मी पुढचे तकट उलटे करून भिंगाखाली धरले. आमच्या धंद्यात एक रीत आहे. यंत्र दुरुस्त करणारा आतल्या बाजूस, गिऱ्हाइकाला कधी दिसणार नाही अशा जागी, सुईने आपली खूण ओरखडतो. पुढचा दुरुस्त करणारा ती वाचतो. बाकी कोणी नाही. तेथे माझ्या वडिलांची खूण होती: 'ना' आणि त्याखाली आडवी रेघ.

"ही वडिलांची सही," मी म्हणालो.

सुमनबाईंनी वाकून पाहिले. "चोरानं पण केली असती की. मशीन बदललं आणि नव्यावर सही केली."

त्या बरोबर बोलत होत्या. मी हे उत्तर स्वतःला गेली चाळीस वर्षे देत आलो होतो.

आता चिठ्ठीविषयी. वडील गेल्यावर दुकानातील खालचा खण मी उघडला, तेव्हा फडक्यात गुंडाळलेले एक यंत्र मिळाले. फ्रेंच, गोल, याच जातीचे, याच आकाराचे. कोणत्याही वहीत त्याची नोंद नव्हती. वडील फार कमी बोलत आणि त्यांनी त्याविषयी कधी काही सांगितले नव्हते. बेंबळीच्या घड्याळाची कुजबूज तेव्हाही सोलापुरात होती. बेंबळीकडून आमच्याकडे काम येणे बंद झाले होते. मी ते यंत्र पुन्हा गुंडाळून खणात ठेवले आणि बेंबळीला कधीच गेलो नाही. लोक अन्यायाने बोलतात, असे मी सगळ्यांना सांगत राहिलो. खण उघडत राहिलो नाही.

अशा यंत्रांच्या मागच्या तकटावर कारखान्याचा क्रमांक ठोकलेला असतो. खणातील यंत्राचा क्रमांक चिठ्ठीवर होता: ५९१२. माझ्या हातातील यंत्राचा क्रमांक मी भिंगातून वाचला: ५३८६. यांतले घड्याळाचे खरे कोणते, हे दोन्ही यंत्रे सांगू शकत नव्हती. ते सांगणारी वस्तू एकच असते. लंबक यंत्राच्या मापाने कापतात आणि त्याच्या पाठीवर त्याच यंत्राचा क्रमांक ठोकतात.

पण या घड्याळाच्या पोटात लोंबत होती ती पत्र्याची एक चकती.

"का गप झाला?" सुमनबाईंनी विचारले. "सापडली चोरी?"

"हा पत्रा कोणी बसवला?"

"तुमच्याच वडलांनी. मूळचं काढलं आन् पत्रा लावला. लोकांना शंका आली ती त्या पत्र्यानंच."

"मूळचं कसं होतं?"

"म्या न्हाय पाह्यलं. आजोबा मशिनचं काय सांगायचे न्हाय, देवाचंच सांगायचे: घड्याळाच्या पोटात देव व्हता. सोन्याचं तोंड, भवतीनं किरणं. खिडकीतनं दिसायचा, इकडून तिकडं हालायचा. साहेबाच्या बंगल्यावरच आजोबा त्याला हात जोडायचे. घड्याळ घरी आल्यावर म्हणले, देव असा टांगून ठिवू ने. काढून देवघरात बसिवला. भैरोबा म्हणून."

"मग घड्याळ चाललं?"

"त्या दिसापासनं बंद."

मी हातातील स्क्रूड्रायव्हर ताटात ठेवला. "बाई, तो देव म्हणजे लंबक."

त्यांनी पत्र्याच्या चकतीला बोट लावले. मग म्हणाल्या, "म्हंजे घड्याळ आमच्याच आजोबानं बंद पाडलं. आन् नाव तुमच्या बापाचं खराब झालं."

"तो देव आता कुठं आहे?"

"दीक्षा घेतली तवा घरातले सगळे देव बाहेर काढले. बाकीचे नदीत सोडले. ह्यो एक सोनारीच्या मित्रानं मागून घेतला. म्हणला, भैरोबाला पाण्यात नको टाकू, देवजी, माझ्या घरी येऊ दे. आजोबा म्हणले, ने. आमच्यासाठी त्यो आता देव न्हाय, तुझ्यासाठी असंल तर ने." त्यांनी घड्याळाकडे बोट केले. "घड्याळ सोलापूरला पाठवलं ते त्याच्या मागनं सहा-सात वर्सांनी. त्याच्यात देव नव्हताच."

म्हणजे वडिलांकडे घड्याळ आले ते लंबकाशिवाय. पत्र्याचा खुलासा झाला होता. येथे थांबलो असतो तरी लक्ष्मणसरांनी पहिल्या पानावर छापले असते.

"पण मशीन बदललं न्हाय, हे कुठं ठरलं?" सुमनबाई म्हणाल्या.

"नाही ठरलं."

"मग सोनारीला मी पण येणार. तुम्ही एकटे गेला तर आकडा तुमचाच."

मी त्यांना यंत्राचा क्रमांक कागदावर लिहून दिला. दुसऱ्या आकड्याविषयी सांगितले नाही.

सोनारी

दुसऱ्या दिवशी सुमनबाईंच्या ओळखीच्या गाडीने आम्ही परंड्याकडून सोनारीस पोचलो. काळभैरवाच्या देवळाचे आवार माकडांचे आहे. माणसांना तेथे तात्पुरती परवानगी असते. मी आयुष्यात केलेल्या मूर्खपणाच्या गोष्टींत एकीची भर पडली: भिंग आणि फुटाणे मी एकाच पिशवीत ठेवले होते. देवळासमोर उतरताच एका मोठ्या माकडाने पिशवी खांद्यावरून ओढून घेतली, ओवरीच्या छपरावर बसून फुटाणे खाल्ले, भिंगातून एकदा बाहेर पाहिले आणि ते पलीकडच्या अंगणात फेकून दिले. तेथे शोधूनही सापडले नाही.

"आता तुम्हाला वाचताच येणार न्हाय," सुमनबाई म्हणाल्या. समाधान त्यांनी लपवले नाही.

ते घर देवळामागच्या गल्लीत होते. आजोबांच्या त्या मित्राची सून अनुसयाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. वय माझ्याएवढे असावे. सुमनबाईंनी आजोबांचे नाव सांगताच त्यांनी सूप खाली ठेवले.

"देवजीदादाची नात व्हय? बस. आमच्यात बेंबळीचा देवच म्हणत्यात त्याला. कुठलं आलंय हे आमी कधी लपविलं न्हाय." मग माझ्याकडे पाहून विचारले, "ह्ये कोण?"

"ज्यांच्या वडलांवर चोरीचा आळ हाय, ते."

अशी ओळख करून दिलेली मला आवडली नाही. पण ती खरी होती.

आम्हांला काय हवे ते ऐकून अनुसयाबाई म्हणाल्या, "देवाची पाठ बघत्यात व्हय कुणी?"

"आंघोळ घालताना तुम्ही बघत असालच," मी म्हणालो.

"धुतीया. बघत न्हाय." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "शहरातली माणसं देवाला उलटं करून बघत्यात, मग म्हणत्यात पितळ हाय."

"ब्राँझ आहे," मी म्हणालो. सुमनबाईंनी माझ्याकडे असे पाहिले की मी पुढचे बोललो नाही.

"ह्यो परत पायजे का तुला?" अनुसयाबाईंनी त्यांना विचारले. त्या प्रश्नात धार होती. सत्तर वर्षांपूर्वी आणलेल्या वस्तूची मागणी एक ना एक दिवस येणार, ही शंका त्या घरात नक्कीच राहत आली असावी.

"न्हाय, आत्या. आमच्या घरात देव न्हाईत. मला फकस्त आकडा पायजे."

अनुसयाबाई उठल्या, पाय धुतले आणि आत गेल्या. देवघरात चांदीच्या टाकांची ओळ होती. टाक म्हणजे कुलदैवताचा उठावाचा पत्रा, हे वाचकांना ठाऊक आहे. त्या ओळीच्या मध्यभागी, सर्वांत मोठा, हळदीने माखलेला, वाटोळा चेहरा होता, भोवती किरण. नाक रोजच्या धुण्याने झिजून गुळगुळीत झाले होते. पॅरिसच्या त्या अनाम ओतकाम्याने सूर्याचा म्हणून केलेला तो मुखवटा सोनारीत भैरोबा होऊन बसला होता, आणि माझ्या मते त्याची कोठेही यापेक्षा चांगली निगा राखली गेली नसती.

त्यांनी टाक ताम्हनात घेतला, पाणी घातले आणि अगदी सहज, रोज करतात तसा, तळहातावर उलटा केला. पाठीवर दांडी अडकवायची खाच स्पष्ट दिसली. लंबक होता, यात शंका उरली नाही. खाचेखाली काहीतरी ठोकलेले होते. माझ्या डोळ्यांना तो केवळ एक काळसर डाग होता.

"अंक हाईत म्हणायचे आमचे मामंजी," अनुसयाबाई म्हणाल्या. "म्हणायचे, देवाचा पण नंबर लागलाय कुठंतरी."

सुमनबाईंनी चष्मा चढवला, मोबाइलचा दिवा लावला आणि दुसऱ्या हातात माझा कागद धरला. कागदावर ५३८६ होते. माझ्या खिशात ५९१२ होते, आणि ते त्या घरात मला एकट्याला ठाऊक होते. दोन्हींचा पहिला आकडा सारखा आहे, हे मला त्या क्षणी प्रथमच जाणवले.

"पाच," त्या म्हणाल्या.

मग त्या थांबल्या. पुढच्या आकड्यात हळद घट्ट बसली होती. अनुसयाबाईंनी पदराच्या टोकाने ती पुसली, पुन्हा थोडे पाणी सोडले, पुन्हा पुसली. मी वडिलांच्या हाताचा विचार करीत होतो. सुई धरताना त्यांची करंगळी नेहमी बाहेर राही.

"तीन," सुमनबाई म्हणाल्या. "आठ. सहा."

त्यांनी कागदाकडे पाहिले, टाकाकडे पाहिले आणि कागद माझ्या हातात परत दिला. खणातील यंत्र कोणाचे, हे मला आजही माहीत नाही. ते शोधणे हा स्वतंत्र उद्योग आहे. लक्ष्मणसरांना मी या मजकुराची प्रत पाठवीत आहे. व्हालक्रोआविषयी त्यांना वाटेल ते त्यांनी पुढेही लिहावे. बेंबळीच्या घड्याळात आज जे यंत्र आहे त्याचा क्रमांक ५३८६ आहे. आणि ते घड्याळ माझ्या वडिलांच्या हातात येण्याच्या कितीतरी आधी सोनारीस गेलेल्या टाकाच्या पाठीवर ५३८६ ठोकलेले आहे.